महाराष्ट्र केसरीची गदा दुसऱ्यांदा जिंकायची असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा धाकटा भाऊ २० वर्षांचा असून त्याचे वजन ९२ किलो आहे. यंदा तो जिल्ह्यात पहिला आला, राज्य अधिवेशनाला, म्हणजे महाराष्ट्र केसरीच्या राज्य स्पर्धेला, गेला आणि माती विभागात दुसऱ्या फेरीत हरला. टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत जॉन सीना १७ वेळा विश्वविजेता होतो, मग महाराष्ट्र केसरीत तीनच्या पुढे कोणी का गेले नाही, असे त्यांनी विचारले आहे. भावाने नुसता एक किताब जिंकून थांबू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. त्यासाठी त्याने मातीवर राहावे की गादीवर (मॅटवर) जावे, आणि जत्रांची मैदाने सोडावीत का, हेही त्यांना हवे आहे. मी तालीम चालवतो आणि वरच्या गटातली मुले तयार करतो, त्यामुळे माझ्या कामातून जे समजले आहे त्याच्या आधाराने उत्तर देतो.

सीनाच्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण त्या तुलनेत खरा प्रश्न झाकला जातो. त्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते आणि ही गोष्ट आता तिथे कोणी लपवतही नाही. त्यामुळे त्या पैलवानांची मेहनत खोटी ठरत नाही. शरीर आपटते ते खरेच आपटते आणि दुखापती खऱ्या असतात. परंतु पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा हे कंपनी ठरवते, म्हणून २००५ मध्ये पहिला मोठा किताब घेतलेल्या सीनाने एप्रिल २०२५ मध्ये लास वेगासला कोडी रोड्सकडून सतरावा किताब घेतला आणि रिक फ्लेअरचा १६ हा मान्य आकडा मागे टाकला, यातून दोन दशके लोकांनी त्याच्यासाठी तिकिटे काढली एवढे निश्चित कळते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथे पट्टा विजेत्याकडेच राहतो आणि तो कोणीतरी हरवेपर्यंत त्याचाच असतो, त्यामुळे १७ वेळा जिंकायचे तर मधल्या काळात १६ वेळा तो गमवावा लागतो. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या हातून पट्टा तितक्या वेळा गेलेलाही असतो.

महाराष्ट्र केसरीत असे काही नाही. गतविजेता अंतिम फेरीत बसून आव्हानवीराची वाट पाहत नाही. प्रत्येक अधिवेशनात किताब रिकामा असतो, सोडत नव्याने निघते आणि गदा घरात असलेला पैलवानही पहिल्या फेरीपासून लढतो. वरच्या खुल्या गटात, म्हणजे ८६ ते १२५ किलोच्या गटात, गादी आणि माती असे दोन स्वतंत्र विभाग चालतात; दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि ती कुस्ती गादीवर होते. त्याआधी जिल्ह्याची निवड चाचणी असते, आणि कोल्हापूर, पुणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत ती चाचणीच एखाद्या छोट्या अधिवेशनाइतकी कठीण असते. त्यामुळे तुमच्या भावापुढचा खरा प्रश्न ‘किताब राखावा कसा’ हा नाही, कारण इथे राखण्यासारखे काही हातात नसतेच. एकदा सगळ्यांनी ओळखलेला पैलवान झाल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा अनोळखी पोरासारखा पहिल्या फेरीपासून कसा लढावा, हा तो प्रश्न आहे.

आता इतिहास पाहू, कारण त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर गणपत खेडकर १९६४ आणि १९६५ चे, चंबा मुतनाळ १९६७ आणि १९६८ चे, दादू चौगुले १९७० आणि १९७१ चे, तर लक्ष्मण वडार १९७२ आणि १९७३ चे विजेते ठरले. म्हणजे १९६४ ते १९७३ या दहा वर्षांतले आठ किताब चार पैलवानांकडे गेले. मधले दोन दीनानाथ सिंह आणि हरिश्चंद्र बिराजदार यांचे. पुढे १९७४ पासून २००६ पर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ, एकाही पैलवानाला दुसरी गदा मिळाली नाही. सांगली जिल्ह्यातल्या चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ मध्ये ती परंपरा पुन्हा सुरू केली. त्यानंतर नरसिंग यादव यांनी २०११, २०१२, २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४, २०१५, २०१६ अशा सलग सहा गदा दोघांत वाटून घेतल्या. अलीकडे शिवराज राक्षे यांनी जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला किताब जिंकला.

या यादीत लक्ष द्यायला हवे ते सलगपणाकडे. ज्यांनी ज्यांनी एकाहून अधिक वेळा हा किताब जिंकला, त्यांनी तो लागोपाठच्या किंवा काही महिन्यांच्या अंतराने झालेल्या स्पर्धांत जिंकला आहे. एकदा जिंकला, मग दोन-चार वर्षे दुसऱ्याने नेला आणि पुन्हा पहिल्याने परत आणला, असे या किताबात घडलेले नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की वरच्या गटातल्या पैलवानाचा उत्तम काळ तीन-चार वर्षांचा असतो आणि जे काही मिळवायचे ते त्याच काळात मिळवावे लागते. पहिल्या गदेनंतरचे वर्ष ‘आराम आणि सत्कार’ यांत गेले, तर त्या तीन-चार वर्षांतले एक वर्ष कायमचे गेले. टीव्हीवरच्या कुस्तीत पन्नाशीजवळचा माणूस पुन्हा विजेता होऊ शकतो. आपल्याकडे गुडघा आणि दम ते होऊ देत नाहीत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या पैलवानाच्या हातात नसतात. हर्षवर्धन सदगीर यांनी जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला शैलेश शेळके यांना ३-२ असे हरवून गदा घेतली आणि त्यानंतरची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. करोनामुळे ऐन उमेदीतली दोन वर्षे निघून गेली. त्यात त्यांचा काय दोष? उलट २०२३ हे वर्ष असे उगवले की जानेवारीत एक आणि नोव्हेंबरमध्ये दोन वेगवेगळ्या संघटनांच्या दोन, अशा तीन स्पर्धा झाल्या. अभिजित कटके यांचे उदाहरण मी मुलांना नेहमी सांगतो. २०१६ च्या अंतिम फेरीत ते विजय चौधरींकडून हरले, २०१७ मध्ये भूगावला किरण भगत यांना हरवून विजेते झाले आणि २०१८ मध्ये जालन्याला अंतिम फेरीत बाला रफिक शेख यांच्याकडून हरले. सलग तीन वर्षे अंतिम फेरी गाठणारा पैलवान, आणि गदा एकच! पुढे २०२३ मध्ये ते हिंदकेसरी, म्हणजे देशपातळीवरच्या किताबाचे मानकरी, झाले. सातत्य त्यांच्याइतके किती जणांकडे होते? म्हणून गदा मोजून पैलवानाची किंमत करू नका, आणि भावावर ‘तीन तरी आण’ असे ओझे टाकू नका. सराव आणि तयारी आपल्या हातात असते, सोडत आणि तो दिवस नसतो.

दुसरा किताब अवघड होण्याचे सगळ्यात मोठे कारण माझ्या दृष्टीने डावात आहे. पहिल्या वर्षी पैलवान एका हुकमी डावावर बरेच पुढे जातो. कोणाचा एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव) इतका वेगवान असतो की समोरच्याला हात खाली आणायला वेळ मिळत नाही; कोणाची ढाक अशी बसते की मोठे वजनही उलटून पडते. तो डाव कोणाला माहीत नसतो तोवर त्याला उत्तर नसते. पण किताब मिळाला की त्याच्या प्रत्येक कुस्तीचे चित्रण मोबाईलवर फिरते आणि राज्यातल्या प्रत्येक तालमीत त्याच्या डावाची तोड बसवली जाते. साठ-सत्तरच्या दशकात ही सोय नव्हती. समोरच्याचा डाव कळायचा तो प्रत्यक्ष अंगावर आल्यावर किंवा कोणी पाहून आलेल्याने सांगितल्यावर. त्या दहा वर्षांत चार पैलवानांनी दोन-दोन वेळा किताब नेला, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. त्यानंतरच्या पिढीत आणखी एक समजूत मी अनेक जुन्या पैलवानांकडून ऐकली आहे: एकदा महाराष्ट्र केसरी झाल्यावर पुन्हा त्याच स्पर्धेत उतरून नाव पणाला कशाला लावायचे? दादू चौगुल्यांसारखे पैलवान दोन किताबांनंतर पुढची पायरी चढले. १९७३ मध्ये ते रुस्तम-ए-हिंद या देशपातळीवरच्या किताबाचे मानकरी झाले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. पुढे त्यांचे चिरंजीव विनोद २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पण सगळेच पुढची पायरी चढले नाहीत. कित्येकांनी केवळ हरण्याच्या भीतीने लंगोट लवकर ठेवला.

डावाच्या बाबतीत माझी पद्धत अशी आहे. मुलगा राज्य पातळीवर पदक घेऊन आला की पहिले दोन महिने मी त्याला त्याचा हुकमी डाव सरावाच्या लढतीत मारू देत नाही. उजव्या पायाचा पट काढणाऱ्याने डावीकडून घुसायचे, ढाक मारणाऱ्याने खालून पट धरायचे, आणि ज्याला वरून ताबा घेतल्यावर भारंदाज (कमरेला मिठी घालून समोरच्याला लोळवण्याचा डाव) जमत नाही त्याने रोज तेवढेच करायचे. या काळात तो तालमीत लहान पोरांकडूनही गुण गमावतो आणि त्याला ते फार लागते. पण याच काळात त्याचा दुसरा आणि तिसरा डाव तयार होतो. मग हुकमी डाव परत दिला की तो आधीपेक्षा जास्त चालतो, कारण समोरचा त्या डावाची तोड करायला वाकतो आणि दुसऱ्या बाजूने उघडा पडतो. जो विजेता एका डावावर थांबला तो दुसऱ्या वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत थांबतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

नरसिंग यादव यांच्या तीन गदांकडे मी याच नजरेने पाहतो. ते मूळचे ७४ किलोचे पैलवान. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक त्यांनी त्याच वजनात घेतले. महाराष्ट्र केसरीला त्यांच्यापुढे किती तरी जड पैलवान असायचे. शिवाय त्यांच्या तीन किताबांच्या काळातच, २०१३ मध्ये, कुस्तीचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. आधी दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या स्वतंत्र मोजल्या जात, त्याऐवजी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण अशी पद्धत आली. जो केवळ ताकदीवर लढतो त्याला असा बदल जड जातो. ज्याच्याकडे हालचाल, पकड सोडवण्याची कला आणि पायांचे काम आहे तो नियम बदलले तरी टिकतो. तुमचा भाऊ ९२ किलोचा आहे आणि त्याच गटात त्याला ११५ आणि १२० किलोचे पैलवान भेटणार आहेत, म्हणून यादवांच्या जुन्या लढती त्याने पुन्हा पुन्हा पाहाव्यात.

आता माती की गादी. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, पण तुमच्या भावाच्या वयाला आणि वजनाला माझे उत्तर आहे. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, कुस्ती खेचली जाते आणि वजनदार पैलवानाला त्याचा फायदा होतो. गादीवर वेग मिळतो, कडेला ढकलून बाहेर काढले तरी एक गुण मिळतो, ताबा घेतला की दोन गुण मिळतात, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते, आणि स्वस्थ उभा राहणाऱ्याला आधी ताकीद मिळून पुढच्या ३० सेकंदांत गुण घेता आला नाही तर प्रतिस्पर्ध्याला गुण जातो. ९२ किलोच्या मुलाला हे नियम साथ देतात. शिवाय कोणत्याही विभागातून आलात तरी शेवटची कुस्ती गादीवरच होते. माती विभागातून निवड झाली म्हणून वर्षभर मातीतच राहिलेला मुलगा अंतिम फेरीत पोहोचला, तर त्याला परक्या पृष्ठभागावर, परक्या गतीने लढावे लागते. म्हणून माझा सल्ला असा: आठवड्यातले चार दिवस गादीवर आणि दोन दिवस मातीत मेहनत करावी. माती अजिबात सोडू नये; मान, खांदे आणि पंजे यांचा कस मातीतल्या मेहनतीने जसा येतो तसा दुसऱ्या कशानेही येत नाही, शिवाय ती सांध्यांनाही सुसह्य असते. जोर, बैठका आणि सपाट्या तशाच चालू ठेवाव्यात. पुढच्या चाचणीला कोणत्या विभागातून उतरायचे हे जिल्ह्यात त्या वर्षी समोर कोण आहे ते पाहून वस्तादाने ठरवावे. तो निर्णय घरच्यांनी किंवा गावाने घेऊ नये.

दमाचा विचार याच्याशी जोडलेला आहे. सहा मिनिटे म्हणजे फार थोडा वेळ असे पाहणाऱ्याला वाटते, परंतु बरोबरीच्या दोन पैलवानांत शेवटच्या मिनिटात कोणाचे हात वर राहतात यावर निकाल लागतो. सदगीर यांची ३-२ ची कुस्ती वर सांगितली आहे. २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असे हरवले. अशा एका गुणाच्या कुस्त्यांत डाव दोघांनाही येत असतात. तालमीत आम्ही यासाठी थकलेल्या मुलावर लागोपाठ ताजे गडी सोडतो: तीन मिनिटे एकाशी, अर्धा मिनिट विश्रांती, पुढची तीन मिनिटे दुसऱ्या ताज्या गड्याशी, आणि सुरुवातच एका गुणाच्या पिछाडीने. मागे असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात काय करायचे हे ज्याने हजार वेळा केले आहे, त्याचे डोके अंतिम फेरीत जागेवर राहते.

त्यासाठी तोलामोलाचे जोडीदार लागतात, आणि सातत्याने जिंकण्याच्या बाबतीत ही गोष्ट मी डावाच्या खालोखाल महत्त्वाची मानतो. जानेवारी २०२० च्या अंतिम फेरीतले सदगीर आणि शेळके, तसेच जानेवारी २०२३ च्या अंतिम फेरीतले शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, हे चौघेही पुण्यात काका पवार यांच्या हाताखाली तयार झालेले पैलवान. रोज सकाळी ज्याला आपल्याच तोडीचा गडी धरायला मिळतो, त्याला अधिवेशनात अनोळखी असे फारसे काही भेटत नाही. गावातल्या तालमीत तुमचा भाऊ सगळ्यांत वरचा असेल तर त्याची वाढ तिथेच थांबली आहे असे समजा. विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या गावातून पुण्याला आले आणि तिथे तयार झाले. घर सोडून राहण्याचा, खुराकाचा आणि खोलीचा खर्च मोठा असतो याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु जो पैसा गावात मोठी मिरवणूक काढण्यात जातो तोच पुढच्या वर्षाच्या खुराकाला ठेवला तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

जत्रांच्या मैदानांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण घराचे अर्थकारण त्यात गुंतलेले असते. जत्रेतल्या कुस्त्यांनीच महाराष्ट्रातली पैलवानकी जगवली आहे. इनामाच्या पैशांवर कित्येक मुलांचे दूध-बदाम चालतात आणि त्या मैदानांचा मला मनापासून आदर आहे. पण किताब मिळाला की निमंत्रणे एकदम वाढतात. हंगामात आठवड्याला तीन-तीन मैदाने, रात्रीचा प्रवास, अवेळी जेवण, उशिरा सुटणारी शेवटची कुस्ती, आणि पहाटे तालमीत गैरहजेरी. निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत चालणाऱ्या, कुस्तीत वेळेचे बंधन नसते, दोघेही सावधपणे ताकद लावत उभे राहतात, आणि हीच सवय गादीवरच्या सहा मिनिटांत महागात पडते. दुखावलेल्या गुडघ्यावर ‘शब्द दिला आहे’ म्हणून लढलेली एक कुस्ती पुढचे सहा महिने खाऊन टाकते. माझ्या तालमीतल्या वरच्या गटातल्या मुलांना मी हंगामात महिन्याला दोनच मैदाने घेऊ देतो, तीही समोरचा पैलवान कोण हे आधी कळल्यावर, आणि अधिवेशनाच्या आधीचे दोन महिने एकही नाही. घरची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची असेल तर हे प्रमाण थोडे बदलावे लागते. अशा वेळी गावातल्या चार माणसांनी मिळून मुलाचा वर्षाचा खुराक उचलावा आणि त्याला मैदानांपासून मोकळे करावे, असे मी स्वतः गावकऱ्यांना जाऊन सांगतो. बहुतेक वेळा गाव ऐकते.

सत्कारांचेही तसेच आहे. २०२३ च्या कोथरूडच्या स्पर्धेत विजेत्याला गदेबरोबर थार गाडीही मिळाली. पैलवानाच्या कष्टांना मोल मिळते आहे याचा मला आनंदच आहे आणि ते आणखी वाढावे असे मला वाटते. पण बक्षिसाबरोबर माणसे येतात, कार्यक्रम येतात, उद्घाटने येतात. यावर एकच उपाय उपयोगी पडलेला मी पाहिला आहे. सत्कारांसाठी पंधरा दिवस आधीच ठरवून द्यायचे, त्या पंधरा दिवसांत सगळीकडे आनंदाने जायचे, आणि सोळाव्या दिवशी पहाटे तालमीत हजर व्हायचे. त्यानंतरची आमंत्रणे घरातल्या मोठ्या माणसाने नम्रपणे नाकारायची. हे काम भावाचे नसून तुमचे आहे, कारण वीस वर्षांच्या मुलाला गावातल्या वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येत नाही.

नोकरीबाबत दोन्ही बाजू खऱ्या आहेत. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांना राज्याच्या पोलीस दलात मोठे पद मिळाले, आणि अशी नोकरी हे कित्येक पैलवान घरांचे योग्य स्वप्न आहे. नोकरी लागल्याने खुराकाची चिंता मिटते आणि मन शांत होते. पण प्रशिक्षणाचा काळ, बंदोबस्त आणि बदल्या यांत सराव तुटतो. संधी आली तर ती सोडा असे मी कधीही सांगणार नाही. फक्त रुजू होण्यापूर्वी सरावासाठी काय सवलत मिळते, पोस्टिंगच्या गावात तालीम आहे का, आणि स्पर्धेसाठी रजा कशी मिळते, हे लेखी समजून घ्यावे.

वजनाविषयी घाई करू नये. ९२ वरून एका वर्षात ११० ला नेण्याचा सल्ला त्याला अनेक जण देतील. असे झटपट चढलेले वजन गुडघ्यांवर येते आणि वेग घालवते. वर्षाला चार-पाच किलो, तेही मेहनतीने भरलेले, एवढे पुरे. दूध, अंडी, मटण, डाळी, बदामाची थंडाई हा आपला खुराक उत्तम आहे. दिवसभरात शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पोटात जातील एवढे पाहावे. डब्यातली पावडर किंवा कोणी ‘ताकदीचे’ म्हणून दिलेले इंजेक्शन याला मात्र तालमीच्या उंबऱ्याबाहेर ठेवा. उत्तेजकांच्या चाचणीत एकदा नाव आले की किताब, नोकरी आणि मान सगळे एकदम जाते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही. सर्दीचे औषधसुद्धा बंदी असलेल्या पदार्थांची यादी पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आता हरण्याबद्दल, कारण तुमचा भाऊ नुकताच हरला आहे. शिवराज राक्षे यांच्या दुसऱ्या किताबाआधी काय घडले ते त्याला सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला झालेल्या दुसऱ्या संघटनेच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत सिकंदर शेख यांनी त्यांना अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. अख्ख्या महाराष्ट्राने ती कुस्ती पाहिली. त्यानंतर काही दिवसांतच ते धाराशिवच्या स्पर्धेत उतरले आणि अंतिम फेरीत हर्षवर्धन सदगीर यांना हरवून पुन्हा महाराष्ट्र केसरी झाले. इतका ताजा पराभव अंगावर असताना पुन्हा पहिल्या फेरीपासून लढायला किती मोठे मन लागते, हे आखाड्यात उतरलेल्या माणसालाच कळेल. माझ्या तालमीत कुस्ती हरून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी ती कुस्ती पूर्ण पाहायला लावतात, गुण कुठे गेले हे त्याच्याच तोंडून वदवून घेतात आणि त्यानंतर त्या कुस्तीची चर्चा बंद होते. घरीही ती बंद व्हायला हवी.

तुमच्या भावाने या आठवड्यात करायची कामे मी वेगळी सांगतो. दुसऱ्या फेरीतल्या त्या कुस्तीचे चित्रण मिळवून वस्तादांसोबत बसून पाहावे आणि पहिला गुण कसा गेला, नंतर दम संपला की डाव संपले, हे ठरवावे. या दोन्हींवरची मेहनत अगदी वेगळी असते. दोन्ही गुडघे आणि खांदे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावेत, दुखत नसले तरी. पुढच्या हंगामातली जी मैदाने त्याने कबूल केली आहेत त्यांची यादी तुम्ही स्वतः हातात घ्या आणि महिन्याला दोनपेक्षा जास्त असतील तर आजच फोन करून उरलेल्यांची क्षमा मागा. मोठ्या तालमीत जायचे ठरले तर आधी आताच्या वस्तादांना विचारा आणि त्यांच्याच शब्दाने जा. ज्या वस्तादांनी मुलाला पहिला लंगोट बांधायला शिकवले त्यांना डावलून गेलेले पोर नव्या तालमीतही मनाने स्थिर होत नाही. त्या कुस्तीचे चित्रण पाहून झाल्यावर पहिला गुण कुठल्या बाजूने गेला आणि त्याचा हुकमी डाव कोणता आहे एवढे कळवलेत, तर पहिल्या दोन महिन्यांत त्याच्याकडून कोणते डाव करून घ्यावेत ते मी नेमके सांगू शकेन.